शेवाळाचा उपवास

ती. आर्गिरिसमामांना, मेलबर्न मुक्कामी, जावई स्तेर्गियोसचा नमस्कार.

इकडे सारे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? सासूबाईंनी विचारायला सांगितलं आहे. उत्तर त्यांनाच वेगळं लिहा, कारण तुमचं पत्र मी वाचून दाखवलं की मधलं गाळतो असा त्यांना संशय असतो. फोनवर तुझं सगळंच खरं वाटतं, तेव्हा काय ते लिहून कळव, अशी तुमची आज्ञा झाली, म्हणून हा खटाटोप. तुमची अट मला तोंडपाठ आहे. ईस्टरची अंडी माझ्या शेवाळाच्या रंगानं लाल झाली तर गरम झऱ्याजवळचं शेत माझ्याकडे राहील, नाहीतर पास्खालिसला विकलं जाईल. (अट कानावर गेल्यापासून पास्खालिस रोज म्हशी घेऊन कुंपणाशी उभा असतो. म्हशींना शेत दाखवायला आणलंय म्हणतो.)

बारा वर्षांत मी तुम्हाला बरंच काय काय कळवलं हे मान्य, पण त्यात माझा दोष कमी आणि संशोधकांचा जास्त. आधी ते म्हणाले, शेवाळापासून डिझेल. मी हौद बांधले. डिझेल निघालंही, फक्त एक बाटली काढायला पंप दोन बाटल्या पीत होता. मग म्हणाले, खायची भुकटी. मग तोंडाला लावायचं मलम (तुमच्या भाचीनं आठवडाभर लावलं, त्या आठवड्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही). मग टोमॅटोचं टॉनिक. शेवाळ बिचारं होतं तिथेच होतं, धंदा मात्र दर दोन वर्षांनी बदलत गेला. सध्या वारं लाल रंगाचं आहे. पाळीव माशांचं मांस गुलाबी दिसावं म्हणून हा रंग त्यांच्या खाद्यात घालतात, माणसांसाठी त्याच्या गोळ्या करतात, आणि जो तो त्याच्याच मागे आहे.

गंमत अशी की हे शेवाळ मुळात हिरवं. थेस्सालोनिकीच्या प्रयोगशाळेतल्या दोम्नाबाई हौद बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही याचे फार लाड करता. खत बंद करा, उन्हात ठेवा. हाल झाल्याशिवाय ते लाल होत नाही." सासूबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "जावयाच्या अगदी उलट. यांचे लाड केले तरी गुण दिसत नाहीत." मी कानाडोळा केला. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस घरात उपवास होताच. मी म्हटलं, शेवाळालाही धरायला लावू. दोम्नाबाईंच्या हिशेबानं दहा दिवस पुरेसे होते. मी बावीस दिवस उपाशी ठेवलं. रोज सकाळी हौदाशी जाऊन बघायचो. ते आधीपेक्षा हिरवं. मला झोप लागेना, जेवण जाईना, मी वाळलो, आणि शेवाळ मात्र बाळसं धरत होतं.

ईस्टरआधीच्या मोठ्या बुधवारी उलगडा झाला. मी चष्मा विसरलो म्हणून शेताकडे परत फिरलो, तर सासूबाई हौदावर वाकून डावानं खताचं पाणी घालताहेत. बावीस दिवस रोज एक डाव! मी ओरडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे, जीव आहे तो. माझ्या डोळ्यांदेखत कोणी उपाशी राहिलेलं मला बघवत नाही. उपवास माणसांनी करावा, त्याला काय ठाऊक देव?" (नशीब, राजम्याची आमटी ओतली नाही. विचार होता, पण त्यात मीठ असतं म्हणून थांबल्या.) मी हौदाच्या कडेवर बसून रडलो, मामा, लपवत नाही. त्याही शेजारी बसल्या.

तरी अंडी रंगवायच्या मोठ्या गुरुवारी सकाळी मी होतं तेच हिरवं पाणी पातेल्यात घेतलं, व्हिनेगर घातलं, अंडी सोडली आणि देवावर भार टाकून चर्चला गेलो. दोम्नाबाईंनी आधीच बजावलं होतं की हा रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही. परत येऊन झाकण काढतो तर अंडी लालभडक! फोटो सोबत जोडला आहे. दोम्नाबाईंना फोन केला, त्यांनी तीनतीनदा विचारलं, पातेल्यात आणखी काय होतं. मोठा शोध ऐकला की शास्त्रज्ञांचं असंच होत असावं.

मुलांचे तुम्हाला पापे.

आपला,
स्तेर्गियोस

ता. क. शेत माझ्याकडे राहणार हे आता ठरलंच, तर लगतची अक्रोडाची पट्टीही द्याल का? शोध मोठा आहे, दोन हौद पुरणार नाहीत.

ता. क. दुसरा. आर्गिरिसदादा, मी वाइया. जावयानं पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, वाचूनच चिकटवतेय. तो चर्चला गेल्यावर पातेल्यात दुकानातल्या लाल रंगाची पुडी मी टाकली. त्याला माहीत नाही, सांगू नकोस. पण या पवित्र आठवड्यात थोरल्या भावाशी खोटं बोलवत नाही. त्याचं शेवाळ मी बिघडवलं, त्याचा काही दोष नाही. आईचं शेत म्हशींना देऊ नकोस, एक वर्ष दे. पुढच्या उपवासात मी तिकडे फिरकणार नाही, आईची शपथ. अक्रोडाची पट्टी मात्र देऊ नकोस.

आणि तू पाठवलेल्या फोटोत फार वाळलेला दिसतोस. जेवतोस ना रे?