कमळांचे रांजण

२७ ऑगस्ट
गल्लीत डेंग्यूचा आणखी एक रोगी! वस्तीची प्रमुख म्हणून स्वयंसेवकांना घेऊन घरोघर शिरले. ल्याओ काकांच्या अंगणात कमळांचे रांजण. एकात अळ्या वळवळत होत्या. बाकीच्यांत मासे, पाणी नितळ. तरी सगळे उपडे केले. मासे गटारात तडफडत होते.
“अहो सू-छिनबाई, मासे अळ्या खातात—”
“आणि डास माणसं खातात! तुमच्यामुळे थायनान शहरभर आपल्या गल्लीचं नाव खराब झालंय!” सगळ्यांदेखत ओरडले.
लोक हसले. मला बरं वाटलं! हे कुणाला सांगवणार नाही.

२८ ऑगस्ट
भुतं पृथ्वीवर येतात, त्या महिन्यातली मोठी पूजा. काकांच्या बायकोने, पाओ-च्यू काकूंनी, दाराबाहेर फळं मांडली होती. शेजारी भुतांना तोंड धुवायला घमेलंभर पाणी. मी नुसतं पाहिलं, तर त्यांनी घाईघाईने ओतून टाकलं. “नको बाई, पुन्हा ओरडाल.”

१ सप्टेंबर
कुणाला ताप आहे का, विचारत फिरले. ल्याओंचं दार फटीएवढंच उघडलं. “कुणाला काही नाही,” काका म्हणाले. घामाने निथळत होते. उकाडा असेल, म्हटलं— आणि पुढे गेले. खरं तर नजर मिळवायची नव्हती.

२० सप्टेंबर
पाओ-च्यू काकू गेल्या. डेंग्यू. हॉस्पिटलात नेईपर्यंत रक्तस्राव सुरू झाला होता.
ताप आधी काकांना आला होता म्हणे. त्यांना चावलेले डास घरातच राहिले, ते काकूंना चावले. तेव्हाच कळतं, तर फवारणी केली असती.
तो घाम! मी दारात उभी होते. पाहिला होता.

२३ सप्टेंबर
अंत्यविधीचा मांडव गल्लीतच घातलाय. काकूंच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. आणि तोंडातून गेलंच— “कळवलं का नाहीत, काका?”
ते माझ्या चपलांकडे बघत राहिले. “ही म्हणत होती, कळवू या. मीच नको म्हटलं. ती बाई पुन्हा चारचौघांत शोभा करेल, म्हटलं.”
आवाज चढवला नाही. चढवायला हवा होता. उलट मला चहा दिला. मी प्यायले!

२७ सप्टेंबर
पहाटेपासून ताप. डोळ्यांमागे ठणका. सून म्हणाली, “आई, रक्त तपासून घ्या ना.” ऊन लागलंय, म्हटलं.
दुपारी माझेच स्वयंसेवक दारात. “कुणाला ताप?”
“कुणाला काही नाही,” मी आतूनच ओरडले.