घाटंजीचं कनेक्शन तोडलं

यवतमाळ, फेब्रुवारी, मंगळवार संध्याकाळ

घाटंजीचं कापूस खरेदी केंद्र आज बंद झालं. ऑर्डर वरून आली, पण कमांड माझ्या बोटांतून गेली. सगळ्या केंद्रांचे कॉम्प्युटर आमच्या इथल्या सर्व्हरमधूनच डेटाबेसला जोडलेले. दुपारी साहेब चहा पिता पिता म्हणाले, "घाटंजी काढून टाक." काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाईप केली, एंटर मारलं. आता तिथं वजनकाट्यावर गाडी चढली तरी नोंद होणार नाही.

त्याआधी तिथल्या ऑपरेटरला, रफीकभाईला, फोन केला होता. त्याच्या डोक्यावरचा पंखा फोनमधूनही करकरतो. म्हणाला, "भाऊ, आजचा दिवस राहू दे ना. बाहेर गाड्या उभ्या हायेत. लोक कालपासून थांबून राह्यले." मी म्हटलं, माझ्या हातात काय आहे? खरंच काही नव्हतं? ती ओळ संध्याकाळी टाईप केली असती, तर साहेबांना काय कळणार होतं? कायले एवढी घाई केली मी?

ऑफिसातून निघताना राहवलं नाही, परत फोन लावला. या वेळी करकर ऐकू आली नाही.

"लोक गेले का?"

"नाई. कॉम्प्युटर बंद पडलेला पाह्यला तं इचारलं, लाईट गेली काय. मी हो म्हणलो."

"आणि पंखा?"

"तो मीच बंद केला. नाई तं त्यायले खरं कसं वाटन?"

लाईट येईल म्हणून बसलेत सगळे, अजून.