कावळा हेही गिऱ्हाईकच

मी, छबूबाई कारभारी सातपुते, वय वर्षे एकाहत्तर, धंदा काळा मसाला करून विकणे, राहणार केडगाव, जिल्हा अहिल्यानगर, आज हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकिलांनी सांगितलं. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला धजेल असं आमच्या घरात कोणी जन्मालाच आलेलं नाही. यापूर्वी मी रागाच्या भरात तोंडी जे काही वाटून टाकलं असेल, ते सगळं रद्द समजावं.

१. केडगावातलं राहतं घर मी मसाल्याच्या कमाईतून बांधलं. ते मुलगा कल्याण आणि सून राजेश्वरी यांना निम्मं निम्मं. मागच्या खोलीच्या भिंतींत मसाल्याचा वास मुरला आहे. रंग देऊन तो जायचा नाही, उगाच खर्च करू नये.

२. बँकेतली ठेव नात संस्कृती हिच्या शिक्षणासाठी. तिने हवं ते शिकावं. मात्र बापासारखा पुण्याला जाऊन जाहिरातीचा कोर्स करायचा असेल, तर आधी वर्षभर घरचा स्वयंपाक करावा. कारण कलम ४ मध्ये येईल.

३. पाटा-वरवंटा माझ्या जाऊबाईंना. त्यांचे यजमान, म्हणजे माझे धाकटे दीर गहिनीनाथ, यांच्या दहाव्यापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. दुसऱ्या कंपनीचा पुड्याचा मसाला घेऊन मला दिसेल अशा बेताने दारावरून जातात. त्यांनी पाट्यावर स्वतः वाटून खावं, म्हणजे माझ्यावरचा राग थोडा तरी सत्कारणी लागेल. पाटा जड आहे, न्यायला टेम्पो आमचा मिळेल. भोंगा बंद ठेवून.

४. आता मसाल्याचं दुकान, कांडप यंत्र, टेम्पो आणि पुड्यावरचं माझं नाव. इथे थोडं लांबण लागेल.

लग्न होऊन आले तेव्हा घरात आमटीचं पातेलं एकच आणि खाणारी तोंडं नाना तऱ्हेची. सासूबाईंना दात नव्हते, तिखट सोसायचं नाही. आमचे हे ताटात लाल तर्री दिसल्याशिवाय पाटावर बसायचे नाहीत. कल्याणला लहानपणी गूळ लागायचा. प्रत्येकासाठी वेगळं रांधलं असतं तर मीच चुलीत गेले असते. म्हणून सासूबाईंची वाटी तिखट पडायच्या आत काढायची, पोराच्या वाटीत गुळाचा खडा टाकायचा, ह्यांना वरून तर्री. पातेलं एकच, पण जो तो समजायचा की आज माझ्यासाठीच केलंय.

पुढे मसाला विकायला लागले तेव्हा तेच केलं. बेलापूरच्या बाजारात बाईच्या तळहातावर चिमूट ठेवायची आणि गप्प बसायचं. तिथल्या बायकांना मसाला शिकवायला गेलं की त्या पिशवी उचलून चालू लागतात. उलट ‘तुमी धने भाजून घालता का कच्चे?’ असं विचारलं की बसतात, आणि उठताना पुडा घेतात. शिर्डीत गुजरातेतून आलेल्या बायकांना आधी सांगायचं की यात कांदा-लसूण नाही, आणि झणझणीत हा शब्द ओठावर आणायचा नाही. केडगावात नोकरी करणाऱ्या मुलींना एवढंच, की हा घातला की आमटीला दुसरं काही लागत नाही. मसाला तोच. खोटं एक अक्षर नाही.

कल्याणने कोर्स करून आल्यावर टेम्पोवर भोंगा बसवला आणि सगळ्या जगासाठी एकच वाक्य लावलं: ‘खाल तर रडाल! छबूबाईंचा काळा मसाला!’ शिर्डीत एक म्हातारं जोडपं ते ऐकून रस्ता ओलांडून पलीकडे गेलं. तेवढ्यावर भागलं असतं तर मी बोलले नसते.

गहिनीनाथ भाऊजींचा दहावा ओढ्याच्या कडेला होता. पिंड ठेवले, कावळा शिवेना. भाऊजींची काय इच्छा राहिली म्हणून एकेक जण हात जोडून कबूल करत होता. विहिरीचं काम पुरं करू, धाकट्याचं लग्न लावू, बांधाचा वाद मिटवू. शेवटी जाऊबाई हळूच म्हणाल्या, ‘तुमचा रेडिओ मी कुनाला द्यायची न्हाई.’ तेव्हा कुठे एक कावळा खाली उतरला, दोन पावलं पुढे आला, आणि रस्त्यावरून आमचा टेम्पो गेला. ‘खाल तर रडाल!’

कावळा जो उडाला तो परत आलाच नाही. दर्भाचा कावळा करून शिववावा लागला. संध्याकाळी कल्याण मला म्हणतो, ‘आई, पन लई लांबपर्यंत आवाज गेला.’ मी म्हटलं, ‘व्हय बाबा, पार कावळ्यापर्यंत गेला.’

५. म्हणून कलम ४ मधली मालमत्ता कल्याणला मिळेल ती एका अटीवर. माझ्या दहाव्याला त्याने माझ्या पिंडाशेजारी पानावर मला आवडणारा एक पदार्थ ठेवावा, स्वतःच्या हाताने करून. कबुल्या देऊ नयेत. ‘आई, तुझ्या शाखा काढतो’ असं तर मुळीच ओरडू नये. मी गिऱ्हाईक आहे असं समजावं आणि मला काय हवं ते ओळखावं. तो चुकला तर दुकान राजेश्वरीचं, आणि त्याने तिच्या हाताखाली टेम्पो चालवावा.

राजेश्वरीला उत्तर ठाऊक असावं असा माझा संशय आहे. ती विचारत नाही, बघते. तिने नवऱ्याला सांगू नये, डोळ्यांनी खुणाही करू नयेत.

निकाल कावळ्याने द्यायचा नाही. तो भुकेला असला तर भज्यालाही शिवेल. निकाल माझी मैत्रीण आणि शेजारीण चांदबी देईल. मिरच्यांची देठं खुडताना आमचं सगळं आयुष्य बोलून झालंय, तिला सारं माहीत आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी तिलाच नेमते. ती मला म्हणाली, ‘छबू, लेकराला सरळ सांगून टाक की.’ मी म्हटलं, ‘सांगितलं तर त्याचाबी भोंगा करंल.’

६. कल्याणवर माझा राग नाही. लेक गुणी आहे, कष्टाळू आहे, माझा जीव आहे त्याच्यावर. सगळ्यांची चव सांभाळण्यात माझा जन्म गेला. मला काय आवडतं हे जेवताना एकदा तरी त्याने विचारावं, एवढंच मनात होतं. मी मरेपर्यंत वाट बघायचं कारण नाही. घराचं दार उघडं असतं आणि मी बहुतेक स्वयंपाकघरातच असते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. माझ्यासमोर दोन्ही साक्षीदारांनी आणि त्यांच्यासमोर मी सही केली.

ठिकाण: केडगाव
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

सही: छबूबाई कारभारी सातपुते

साक्षीदार:
१. पूजा औटी, राहणार केडगाव
२. डॉ. पार्थ भिंगारदिवे, राहणार केडगाव. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, मी तपासलं आहे.

सह्या झाल्यावर घातलेली पुरवणी: डॉक्टरांनी पेन मिटताना मला विचारलं, ‘पण मावशी, तुम्हाला आवडतं तरी काय?’ मी सांगितलं नाही, कारण त्यांना दुकान मिळायचं नाही. परंतु आजवर मला हे विचारणारे ते पहिलेच. म्हणून माझ्या पश्चात दर दिवाळीला त्यांच्या घरी मसाल्याचा एक पुडा पोचवावा. दुकान कोणाचंही असो.

सही: छबूबाई कारभारी सातपुते
साक्षीदारांच्या पुन्हा सह्या: पूजा औटी, डॉ. पार्थ भिंगारदिवे (पुडा नको म्हटलं, तरी बाईंनी ऐकलं नाही)