पॉसमच्या गोष्टीचा शेवट

लॉन्गरीच, मंगळवार

प्रिय विनिफ्रेड,

मी सुखरूप पोहोचले. उकाडा आणि माश्या तू म्हणालीस तशाच आहेत, पण जेवते वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्यांना सावली केलीस का?

आज शाळेत मुलांना माझी झाडावरच्या चोरट्या पॉसम प्राण्याची गोष्ट वाचून दाखवली. निम्म्यावर पुस्तक मिटून मी नेहमीसारखं विचारलं, "आता पुढे काय होईल?" एक मुलगी म्हणाली, "तुम्हीच सांगा ना, तुम्हीच तर लिहिलंय."

विनी, मला पुढचं काही आठवेना. शेवटी गोष्ट आधी वाचलेल्या मुलांनीच शेवट ओरडून सांगितला. त्यांच्या बाई म्हणाल्या, "मुलांना बोलतं करायची छान युक्ती आहे हो तुमची." मीही हसले. ती युक्ती नव्हती, हे सांगितलं नाही.

संध्याकाळी वाचनालयात मोठ्यांसमोर आईच्या विसरण्यावरच्या माझ्या कादंबरीबद्दल बोलले. एकीनं विचारलं, "तुमच्या आई सगळ्यात आधी काय विसरल्या?" मी विषय बदलला. आईचं विसरणं सुरू झालं तेव्हा मी लंडनला होते, तिच्यापाशी तू होतीस. पुस्तकातली ती सुरुवात मी मनानं रचलेली आहे.

खरं काय झालं होतं, ते भेटल्यावर मला सांग. माझ्या काळजीपोटी काही गाळू नकोस.

कदाचित नुसता उकाडाच बाधला असेल. डंकनला एवढ्यात काही बोलू नकोस, नवरा आहे माझा, लगेच धावत येईल. पुढच्या शुक्रवारी मी ब्रिस्बेनला उतरेन. घरचा रस्ता मला ठाऊक आहे, तरी तू घ्यायला ये.

तुझी धाकटी,
मॉइरा