दोरीपलीकडची ताई

वसतिगृह,
४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी ठणठणीत आहे, खोली कोंदट आहे, मेसच्या जेवणानं पोट भरतं, जिभेचं कुणी विचारू नये. तू कशी आहेस हे विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते. नाहीतर बाबा आहेतच तुझी बातमी इकडे आणि माझी तिकडे पोचवायला.

शर्यत होईपर्यंत फोन बंद, हा तह तूच केलास आणि आता तूच बाबांकडून निरोप पाठवतेस की ‘ती काही कळवत नाही’. म्हणून हे पत्र. तुझं म्हणणं पटलं होतं मला. तू त्या कॉलेजची कोच, मी या कॉलेजची धावपटू, आणि फोनवर आपण दोघी ‘जेवलीस का’पासून सुरू करून लगेच बुटांच्या तळव्यांवर येतो. शिवाय फोनवर तू मला मध्येच तोडतेस. पत्रात तुला ते जमणार नाही, याचा मला फार आनंद आहे.

इकडे सगळ्याजणी मला घरभेदी म्हणतात. आमची कप्तान, म्हणजे ती उंच पोरगी, जिला आम्ही जिराफ म्हणतो, तिनं सांगून ठेवलंय की तुला जाणारं प्रत्येक पत्र आधी ती वाचणार आणि मग ते पाकिटात जाणार. तेव्हा या पत्रात आमच्या सरावाबद्दल काहीही नाही. जिराफ, वाचलंस ना? काहीही नाही.

एक मात्र सांगते, ते साऱ्या गावाला माहीत आहे. आमचे सर रसायनशास्त्राचे. क्रॉस कंट्री, म्हणजे हे चिखल-चढातलं लांब धावणं, त्यांच्या गळ्यात पडलं, कारण स्टाफच्या बैठकीला ते उशिरा पोचले. पण माणूस डोकेबाज आहे. दर सोमवारी ते सगळ्यात हळू धावणारीला पुढे घालतात आणि कुणीही तिच्या पुढे जायचं नाही. पहिल्या सोमवारी जिराफचे पाय नुसते शिवशिवत होते. सर म्हणाले, “पुढे जायची घाई असेल तर मागे वळून धाव.” आता आम्हाला त्याची सवय झालीय. मागची पुढे असली की तिला दम नीट पुरवून धावावं लागतं आणि पुढच्यांना धीर धरावा लागतो.

परवा आई फोनवर विचारत होती, “पहिली येणारीच जिंकते ना गं? मग बाकीच्या कशाला धावतात?” ती चष्म्याच्या दुकानात कामावर होती, मागे गिऱ्हाईक अक्षरं वाचत होतं. मी तिला समजावलं की संघाच्या सातजणी धावतात, त्यातल्या पहिल्या पाचजणींच्या क्रमांकांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. त्यामुळे टाळ्या पहिलीला मिळतात, पण ढाल कुठं जायची ते पाचवी ठरवते. “मग तू कितवी?” “पाचवी.” आई म्हणाली, “बाई गं. जरा नीट जेवत जा.”

रविवारी बाबा येऊन गेले. ते चालवतात ती शाळेची बस सर्व्हिसिंगला टाकली होती, तेवढ्या वेळात आले. बरंच काही बोलले. ते पुढे कधीतरी लिहीन.

आणि तू बाबांकरवी पुन्हा विचारलंस, तुमच्या कॉलेजात का आले नाही. उत्तर तेच. तुमचं वाचनालय लहान आहे.

तुझी,
धाकटी


वसतिगृह,
१९ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र जिराफला दाखवलेलं नाही. ती दातांच्या डॉक्टरकडे गेलीय, तेवढ्यात लिहून पेटीत टाकणार आहे. म्हणून अक्षर असं.

काल निवड चाचणी झाली. मी संघात आहे, पाचव्या जागेवरच. पण सहावी माझ्या खांद्याला खांदा लावून आली आणि ती तशी यायला नको होती. चाचणी संपल्यावर सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. तिथं त्यांच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनी काहीतरी सांडलं होतं, सर ते पुसत होते. न बघताच म्हणाले, “तू आज हातचं राखून धावलीस.” मी म्हटलं, नाही सर, पोटात दुखत होतं. ते म्हणाले, “पोटात दुखणाऱ्या पोरी चेहरा वाकडा करतात. तू नुसती विचार करत होतीस.” मग त्यांनी मला दुसरं फडकं दिलं आणि आम्ही दोघांनी मिळून टेबल पुसलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुला विचारून टाकते. बाबांनी सांगितलं ते खरं आहे का?

बाबांवर रागावू नकोस. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुलाही माहीत आहे. ‘कुणाला बोलू नका’ असं तू सांगितलंस म्हणजे ती बातमी तू त्यांच्या बसमध्येच बसवून दिलीस. ते म्हणाले, तुमच्या प्राचार्यांनी सांगितलंय की यंदा ढाल आणली तर तुला कायम करतील, नाहीतर पुढचं काही सांगता येत नाही. कायम झालीस की स्टाफच्या इमारतीत खोली मिळेल, जिममागच्या त्या कोठडीत गाद्या आणि भाल्यांच्या शेजारी झोपावं लागणार नाही. बाबांनी हे सगळं हसत हसत सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “तुम्ही दोघी जिंका म्हणजे झालं.” ताई, बाबांना मी बेरजेचं तीन वेळा समजावलंय!

मागच्या वर्षी ढाल आमच्या कॉलेजनं नेली ते तुलाही माहीत आहे. यंदा शर्यत आपल्या दोन कॉलेजांतच आहे, बाकीचे संघ फार मागे आहेत. तुझी पाचवी, ती लाल रिबिनवाली, आणि मी एकसारख्या धावतो. ऑक्टोबरच्या शर्यतीत ती माझ्या पुढे होती, त्याच्या आधी मी तिच्या. तेव्हा ढाल कुणाची हे तिच्या आणि माझ्या पायांवर आहे, आणि माझ्या पायांना आता तुझ्या खोलीतले भाले दिसतात.

खरं लिहू? रविवारी पळताना मनात आलं, एखाद्या खड्ड्यात पाय मुरगळला तर किती सोपं होईल. मग माझीच मला लाज वाटली. मग लाज वाटल्याचा राग आला. मग मी इतकी जोरात धावले की जिराफ म्हणाली, “कुणी मागे लागलंय का?”

मी काय करू ते सांग. तुला कोच म्हणून विचारत नाही, ताई म्हणून विचारते. आणि कोच म्हणून उत्तर देऊ नकोस.

जिराफचा आवाज येतोय जिन्यात. तोंड बधिर आहे तरी बोलतेय.

धाकटी


वसतिगृह,
२ डिसेंबर

ताई,

तुझं कार्ड शर्यतीच्या आदल्या दिवशी मिळालं. ‘मुकाट्यानं धाव. माझं मी बघते. मुद्दाम हरलीस तर आयुष्यात बोलणार नाही.’ एवढंच? मी चार पानं ओतली आणि तू तीन वाक्यांत बोळवण केलीस! पण रात्री झोप मात्र छान लागली.

आता शर्यतीबद्दल. तू तिथं होतीस, तरी लिहिते, कारण तू प्रेक्षक अडवायच्या दोरीच्या त्या बाजूला होतीस आणि मी या बाजूला.

सुरुवातीला त्या रुंद मैदानातून निघालो तेव्हा कोपरं, वेण्या, चिखल यांशिवाय काही दिसत नव्हतं. कुणीतरी माझ्या टाचेवर पाय दिला. मी तिला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. कालव्याच्या कडेनं रस्ता निमुळता झाला तशी रांग लागली आणि मला समोर लाल रिबीन दिसली. मी ठरवलं, इथंच राहायचं, हिच्या मागे. सोमवारची सवय कामी आली. पुढे जायचा मोह झाला नाही. ती छान धावते गं. एकाही पावलाचा आवाज नाही. तू शिकवलंयस ते कळतं, आणि मला ते आवडलं नाही.

झाडीतून बाहेर पडलो तर तो शेवटचा चढ. पाय शिशाचे झाले होते. लाल रिबीन पुढे सरकायला लागली, एक हात, दोन हात. मी मनात म्हटलं, चला, संपलं, जाऊ दे तिला, ताईचं तरी भलं होईल. हो, म्हटलं मी तसं! आणि मुद्दाम नव्हतं ते, ताई. तेव्हा खरंच अंगात काही उरलं नव्हतं. पण आता विचारशील तर शपथेवर सांगता येणार नाही.

आणि तेवढ्यात दोरीपलीकडून तुझी हाक आली. “धाकटे, खांदे सोड!”

सगळ्या चढानं ऐकलं. तुझ्या अंगावर तुझ्या कॉलेजचा कोट, गळ्यात तुझ्या कॉलेजची शिट्टी, आणि ओरडतेस कुणाला, तर मला! माझे खांदे कानाला लागले होते, ते आपोआप खाली आले. दम आत गेला. बिचाऱ्या लाल रिबिनीनं तुझा आवाज ओळखला आणि ही धाकटी कोण म्हणून क्षणभर मान वळवली. मी तिच्या शेजारून गेले. जाताना तुझं तोंड दिसलं. तू दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होतेस.

पुढचं तुला माहीत आहे. सर बेरीज करायला बसले, आणि एवढा शास्त्राचा माणूस, पण तीनदा चुकले. शेवटी आम्ही एका गुणानं जिंकलो. ती आणि मी उलट्या क्रमानं आलो असतो, तर एका गुणानं तुम्ही जिंकला असता.

आमच्या पोरींनी मला उचललं, पाडलं, पुन्हा उचललं. जिराफ म्हणाली, “घरभेदी आपली नाही, त्यांची निघाली!” आणि तुझ्या नावानं तीन वेळा जयजयकार केला. मीही हसत होते. पण बघत होते तुझ्याकडे. तू चिखलात गुडघे टेकून लाल रिबिनवालीच्या बुटांच्या नाड्या सोडत होतीस. ती हुंदके देत होती आणि तू तिच्याशी हळूहळू काहीतरी बोलत होतीस. मला हेवा वाटला. ढाल आमच्याकडे, आणि हेवा मला तिचा. मग तू आलीस, माझ्याशी हात मिळवलास, “अभिनंदन, चढ छान घेतलास,” म्हणालीस, एखाद्या परक्या पोरीला म्हणावं तसं. तुझा हात गार होता. आणि तू बसकडे गेलीस.

वाचनालयाचं खोटं होतं. ते तुला कधीच पटलं नसणार. शाळेपासून माझी एकही शर्यत तुझ्या आवाजाशिवाय झाली नाही. सायकल घेऊन तू कडेकडेनं यायचीस, हात हलव, वर बघ, खांदे सोड. मी जिंकले की लोक म्हणायचे, ताईनं जिंकवलं. मला एकदा बघायचं होतं, कुणी ओरडत नसताना मी धावते का. त्यासाठी तुझं कॉलेज सोडलं, या कोंदट खोलीत आले. तुला तोंडावर सांगितलं असतं तर तुला लागलं असतं, म्हणून नाही सांगितलं. आणि एवढा खटाटोप करून शेवटच्या चढावर पुढे गेले ती कशावर, तर तुझ्याच हाकेवर. मी त्याबद्दल तुझ्यावर रागावले आहे आणि त्याच हाकेसाठी तुझा मुका घ्यावासा वाटतोय. दोन्ही खरं आहे.

आत्ताच बाबांचा फोन आला. ‘तिनं सांगितलंय, धाकटीला बोलू नका’ इथपासूनच सुरुवात. प्राचार्यांनी तुला विचारलं म्हणे, समोरच्या संघाच्या मुलीला हाक मारली हे खरं का, आणि तू सांगितलंस, “हो, सर. चूक झाली. बहीण आहे.” कायम केलं नाही, पण त्याच करारावर आणखी एक वर्ष दिलं.

मी फोन ठेवून आधी रडले. गाद्या, भाले आणि तू, आणखी एक वर्ष, आणि ते माझ्यामुळे. माफी मागणार नाही. मागितली तर तूच मला हाणशील. पण मग डोळे पुसता पुसता लक्षात आलं की मला आनंदही झालाय, आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. पुढच्या वर्षीही तू त्या दोरीपाशी असशील.

तेव्हा ऐक. पुढच्या वर्षी मला हाक मारू नकोस. लाल रिबिनवालीला मार, तिचा तो हक्क आहे. मी गप्प चढ चढेन. कदाचित हरेनही. मग माझ्या नाड्या सोडायला ये.

तुझ्याविरुद्ध धावणारी आणि तुझीच,
धाकटी