मेंदीचं कुंपण आणि ताईची उंची

ती. ताईस,

धाकट्याचं लोटांगण. (या वेळी ते खरोखर घडलं, पुढे येईलच.) तुझं पाठदुखणं, भाऊजींचा खोकला आणि तुम्हा दोघांची भांडणं बेताने चालली असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. तुझी भावजय चार दिवस मला हसते आहे, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम.

चाकाची खुर्ची आल्यापासून तू घराबाहेर पडली नाहीस. "बागा चालणाऱ्यांसाठी असतात, मला खिडकी पुरे," असं गेल्या पत्रात लिहिलंस. सख्खा भाऊ बागेचा अधीक्षक असताना हे लिहायचं म्हणजे कमालच. त्यातच वरून हुकूम आला की बागेत कुणालाही सहज येता आलं पाहिजे. मी गवंड्याला पायऱ्यांशेजारी उतार बांधायला सांगितलं. त्याचा जन्म गच्च्यांचं पाणी उतरवण्यात गेलेला. थेंबभरही थांबणार नाही, अशी त्याने हमी दिली. थेंब थांबला नाही आणि मीही नाही.

झालं असं, की उतार तपासायला मी दवाखान्यातून खुर्ची उसनी आणली, स्वतः बसलो आणि ढकलायला तुझ्या भावजयीला घेतलं. पहिल्यांदा अडलो ते फाटकातच. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून मीच तिथे खांब रोवले होते (त्याबद्दल माझा सत्कार झाला, तुला फोटोही पाठवला होता). मोटारसायकलवाले त्यातून तिरके होऊन मजेत जातात. शेवटी आइस्क्रीमवाल्याने आम्हाला कचऱ्याच्या गाडीच्या वाटेने आत घेतलं. पुढे उतारावर भावजयीने ओळखीच्या बाईंना हात करायला एक हात सोडला आणि गप्पा रंगल्यावर दुसराही. मी सुसाट निघालो तो हास्यमंडळाच्या मधोमध आडवा झालो. ही मंडळी रोज सकाळी ओढूनताणून हसतात. त्या दिवशी त्यांना ओढावं लागलं नाही. अध्यक्षांनी मला रोज यायचा आग्रह केला आहे.

त्यांनी उचलून खुर्चीत बसवल्यावर मी सहज तळ्याकडे पाहिलं, तर तळंच नाही. समोर नुसती हिरवी भिंत. ते माझं मेंदीचं कुंपण, ताई. लागोपाठ बक्षिसं मिळवणारं, माळ्याने पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. उभ्याने कधी लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, कापा. माळी कात्री पाठीमागे धरून उभा राहिला. नंतर त्याने हळूच विचारलं, "कुणासाठी?" म्हटलं, "माझी बहीण यायचीय." त्याने कात्रीला धार लावली.

तर खांब काढले, गवंडी उतार लांबवतो आहे आणि कुंपण कापून तळं मोकळं केलं आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. कुंपण कापलं असं वर लिहिलं खरं, पण ते खुर्चीत बसलेल्या माझ्या नजरेच्या मापाने. भावजय म्हणाली, "वन्सं तुमच्या खांद्याला लागतात, त्यांना काय पानं मोजायला बोलावताय?" तेव्हा खुर्चीत बसून जमिनीपासून डोळ्यांपर्यंतचं माप कळव.

ता. क. २. भाऊजींना मोजायला लावू नकोस. ते तुला नेहमीच आहेस त्याहून उंच समजतात.

ता. क. ३. खरं तर मापाचं राहू दे. तूच ये. माळी कात्री घेऊन फाटकाशी बसला आहे आणि तू आल्याशिवाय उठणार नाही म्हणतो. बाकीची बाग वाळत चालली आहे.