मोघम गाऱ्हाणं

१ सप्टेंबर, शिरोडा

पोचले एकदाची! काल पाच दिवसांचे गणपती पोचवले आणि आज सकाळी बॅग उचलून नांदगाव सोडलं. कुडाळला एसटी बदलली, वेंगुर्ल्याला पुन्हा बदलली, आणि प्रत्येक कंडक्टरला आपणहून सांगितलं की मी नर्सिंगला चाललेय. एकानेही विचारलं नव्हतं.

सुशीला आत्या बाबांची थोरली बहीण. तिचं घर मला लहानपणापासून आवडतं, पण राहायला अशी पहिल्यांदाच आलेय. अंगणात अबोलीचे वाफे, मागे माड, आणि माडांपलीकडून दिवसभर समुद्राचा आवाज. आत्या अबोलीचे वळेसार, म्हणजे गजरे, करून बाजारात पाठवते. गप्पा मारताना हातांकडे बघतसुद्धा नाही, बोटं आपली केळीच्या दोऱ्यात फुलं गुंफत असतात. तिची मुलगी अक्षया पुढच्या पडवीत पार्लर चालवते. दोऱ्याने भुवया कोरण्यात अख्ख्या शिरोड्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही, असं तीच सांगते.

कॉलेज घटस्थापनेला सुरू होणार. तोवर आत्याकडे राहून मन घट्ट करायचं, असं आईने ठरवलंय. मोबाइलवर एक बाई सांगतात की अपयशाची भीती वाटत असेल तर रोज एक चांगलं वाक्य हाताने लिहावं. म्हणून ही वही. आणि हे वाक्य : मला जमेल.

३ सप्टेंबर

माझी अडचण हातांची आहे. पुस्तक येतं, नावं पाठ होतात, रक्त बघून चक्करही येत नाही. पण कोणी बघतंय म्हटलं की हात थरथरायला लागतात. आज अक्षयाने मेडिकलमधून सिरिंज आणून दिली. पाणी भरून कच्च्या पपईला टोचून बघितलं. बघायला घरच्या दोघीच होत्या, तरी सुई घसरली आणि पाणी माझ्या मांडीवर. आत्या हसली नाही. अक्षया खो खो हसली. हसून घे म्हणावं.

गणपतीत हेच झालं. आरतीला सगळी वाडी जमलेली आणि चहाचा ट्रे माझ्या हातात. कप वाजायला लागले. महादूमामा, आईचा भाऊ, भजनात पखवाज वाजवतो. तो तळहातावर तंबाखू मळत मोठ्याने म्हणाला, "चायचो कप धरूक येना नाय आणि ही सुयो मारतली! हिका जमाचा नाय." वाडी हसली. माझी आईसुद्धा पदराआड हसली. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. मला जमेल, आणि जमेल ते मामाच्या नाकावर टिच्चून.

४ सप्टेंबर

आत्याने शेजारच्या भाईंना बोलावलं. म्हातारे आहेत, पण आवाज खणखणीत. वाडीतली सगळी गाऱ्हाणी, म्हणजे देवापुढचं मागणं, तेच घालतात. माडांच्या टोकाला राखणदाराची, वाडी राखणाऱ्या देवाची, जागा आहे. मूर्ती नाही, नुसता एक काळा दगड आणि पुढ्यात विड्यांची थोटकं. भाईंनी नारळ ठेवला आणि राखणदाराला सांगितलं की नांदगावच्या सुदेशचं, म्हणजे बाबांचं, चेडू संचिता शिकायला आलंय, त्याला यश दे. आम्ही मागून "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. अंगावर काटा आला, पण छान वाटलं.

परतताना भाई म्हणाले की गाऱ्हाण्यात नाव घ्यावं, गाव घ्यावं, आणि हवं तेवढंच मागावं. "मोघम मागला तर तो मोघमच देता." भाई मला आवडले. त्यांचं गाऱ्हाणं मात्र फारच गुळगुळीत होतं. मामाचं त्यात काहीच आलं नाही. मला जमेल.

५ सप्टेंबर

दुपारी आत्या आणि अक्षया जेवून आडव्या झाल्या. मी नारळ आणि विड्यांचं बंडल घेऊन एकटीच राखणदाराकडे गेले. मामाचं नाव अगदी ओठांवर होतं. मग वाटलं, एकटा मामाच का? ती हसणारी वाडी काय सोडायची? उद्या कॉलेजातही कोणीतरी म्हणेलच की. म्हणून असं म्हटलं : "बा राखणदारा म्हाराजा, जो कोण म्हणात की संचिताक जमाचा नाय, तेच्या हातातला बळ काड आणि माझ्या हातात घाल."

मागून जड आवाजात कोणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा."

वळून बघितलं तर माडांखाली कोणी नव्हतं. भाई असणार, दुसरं कोण! त्यांनी ऐकलं म्हणून लाज वाटली, पण बरंही वाटलं. मला जमेल.

७ सप्टेंबर

आईचा फोन आला. काल अनंत चतुर्दशीच्या भजनात मामाने माझ्या चहाची गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. हिला जमायचं नाही असं म्हणून थाप मारायला हात उचलला, तो पखवाजावर पडला आणि तिथेच राहिला. दुसराही तसाच. दोन्ही हात लुळे पडलेत आणि डॉक्टरांना कारण सापडत नाही. आई रडत होती. मीही थोडं रडल्यासारखं केलं. फोन ठेवल्यावर मात्र नाचावंसं वाटलं. खोटं कशाला लिहू?

मग पपई घेतली. आत्या बघत होती, अक्षया बघत होती. सुई सरळ आत गेली, थेंबसुद्धा सांडला नाही. आत्याने माझी दृष्ट काढली. मला जमेल!

१० सप्टेंबर

आज अक्षया एका बाईच्या भुवया कोरत होती. मी कौतुकाने माझा हात दाखवला, बघ कसा स्थिर झालाय. ती म्हणाली की पपई ओरडत नाही, माणूस ओरडतं, आणि माणूस ओरडलं की तुका जमाचा नाय. मी तिला गप्प करू शकले असते. केलं नाही. उलट जवळ जाऊन बसले आणि गोड आवाजात विचारलं, खरंच वाटतं तुला तसं? तिने मान वर करून पुन्हा तेच म्हटलं.

तिच्या बोटांतला दोरा त्या बाईच्या मांडीवर पडला. मग तिचे हात खाली आले. तिने मला हाक मारली. मी सावकाश उठले.

१२ सप्टेंबर

पार्लर बंद आहे. आत्या अक्षयाला घास भरवते. अक्षया माझ्याकडे बघत नाही. नको बघू. त्या दिवशी हसताना बरी बघत होतीस.

माझे हात असे कधीच नव्हते. सुईत दोरा एका दमात ओवते. पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी अंगणभर फिरवली. फक्त एक विचित्र झालं. जेवून बसले होते आणि आत्या माझ्या हातांकडे टक लावून बघत होती. खाली बघितलं तर माझा उजवा अंगठा डाव्या तळव्यावर फिरत होता. मळत होता, तंबाखू मळतात तसा. मध्येच टाळी मारून भुगा झाडला, चिमूट केली, आणि हात ओठांशी आला. मी तंबाखूला जन्मात हात लावलेला नाही. आत्या म्हणाली की महादू अगदी अस्साच करतो. मला जमेल.

१४ सप्टेंबर

भाईंना वाटेत गाठलं. म्हटलं, त्या दुपारी माझ्यामागे उभे राहून व्हय म्हाराजा म्हणालात, ते कोणाला सांगू नका. भाई म्हणाले, कसली दुपार? त्या दिवशी ते सावंतवाडीला मुलाकडे गेले होते.

मग त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. मी कोणाचंच नाव घेतलं नाही, हे ऐकल्यावर कपाळाला हात लावला. उपाय एकच आहे म्हणाले. ज्याने गाऱ्हाणं घातलं त्यानेच त्या जागी हात जोडायचे, शब्द मागे घ्यायचा आणि ज्याचं बळ त्याला देऊन टाकायचं. आजच.

आजच? कॉलेज तोंडावर आलंय आणि पुन्हा ते थरथरणारे हात घेऊन जाऊ? मामाला त्याचे हात परत देऊ, त्याने पुन्हा वाडीला हसवावं म्हणून? पहिली परीक्षा होऊ दे, मग बघू. भाईंना हो हो म्हटलं आणि घरी आले. मला जमेल.

१६ सप्टेंबर

बोटं थांबत नाहीत. नसलेला दोरा ताणतात, पीळ घालतात, सोडतात. अक्षयासारखं.

सकाळी आरशासमोर तोंड धुताना डाव्या हाताने माझी भुवई चिमटीत धरली आणि उपटली. मग पुन्हा. मी मान मागे घेतली तर हातही मागे आला. अर्धी भुवई गेली, रक्त आलं, तेव्हा कुठे थांबला. आरशात अक्षया दिसली. माझ्यामागे दारात उभी होती, हात लोंबकळत.

हसत होती.

१७ सप्टेंबर

आत्याने भुवईला खोबरेल लावलं. मला जवळ घेऊन बसली. मी बोलून गेले की कॉलेजची फार भीती वाटते. तिने माझ्या केसांतून हात फिरवला. तिचं तोंड दाबायला हवं होतं. मला कळायला हवं होतं. ती म्हणाली, "रडा नको गो बाय. तुका नाय जमाचा तर नाय जमाचा. ह्या घराचा दार तुका उघडा आसा."

हात केसांतच थांबला. जड झाला. मी तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

१८ सप्टेंबर

अबोली झाडावरच सुकतेय. माझी बोटं गुंफत बसलीत, चादरीचे धागे, माझेच केस, मिळेल ते. मामाचं मला काही वाटलं नाही. अक्षयाचंही नाही. पण आत्या? आत्या कधी हसली होती?

दुपारी राखणदाराकडे गेले. सगळं परत घे म्हटलं. माझेही हात घे, पण आत्याचे दे. हात जोडायला गेले तर जोडले जात नाहीत. तळव्याला तळवा लागला की झटका देऊन दूर होतात. पुन्हा पुन्हा केलं. मोठ्याने ओरडले.

मागून कोणी काही म्हणालं नाही.

२० सप्टेंबर

कोणाशी बोलत नाही. कोणाला बोलू देत नाही. आईचा फोन उचलत नाही, ती पण म्हणेल.

जो कोण म्हणात. नाव घेतलं नव्हतं. जो कोण. म्हणजे त्यात मी पण —

नाही. मी म्हणणारच नाही. मनात सुद्धा आणणार नाही. मला जमेल मला जमेल मला जमेल

२१ सप्टेंबर

आत्या सकाळपासून काहीतरी सांगू बघत होती. नको म्हटलं. तरी सांगितलंच तिने. रागाने नाही. माझी काळजी वाटते म्हणून.

मी झोपेत बडबडते. काल रात्री पण बडबडत होते. माका जमाचा नाय, माका जमाचा नाय, लहान पोर रडतं तसं.

आणि मग मागच्या माडांतून कोणीतरी बोललं. तिला वाटलं भाई असतील. तिने विचारलं की हे भाई इतक्या रात्री व्हय म्हाराजा कोणाला म्हणत होते —

२२ सप्टेंबर

घटस्थापना. रिक्षा दारात हॉर्न मारतेय.

युनिफॉर्मची बटणं लागत नाहीत. हात हलतात. माझ्याने नाही हलत. माझं होतं ते गेलं, उरलं ते त्यांचं —

पेन धरलंय ती आत्याची बोटं असणार. तीच लिहू देतात.

डावा गळ्याशी आलाय. अंगठा मळतोय. हळू. मामाला घाई नसते कधी —

आत्या ओरडतेय. अक्षया पण आली, आता हसत नाही. दोघी माझ्या अंगावर — धरायला हात कुठे आहेत त्यांना —

दाबतोय

आजचं वाक्य राहिलं

मला ज